थकबाकीची नावं मीटिंगमध्ये वाचली, आता ज्यांची नावं नव्हती त्याही येत नाहीत

वावरातली बाई (यवतमाळ जिल्हा), 10 सप्टेंबर 2024

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावची. बारावी शिकलेली, घरी साडेचार एकर वावर. दीड वर्षापासून आमच्या महिला ग्रामसंघाची अध्यक्ष आहे. 14 बचत गट आहेत. प्रत्येक गटातून दोघी, अशा 28 बाया महिन्याच्या मीटिंगला समाजमंदिरात येतात, आणि वेळ असला तर गटातल्या बाकीच्याही येऊन बसतात.

माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते. समुदाय गुंतवणूक निधीतून, म्हणजे गटांना कर्ज द्यायला ग्रामसंघाला सरकारी योजनेतून मिळतो त्या पैशातून, ग्रामसंघानं गटांना कर्ज दिलं होतं, एका गटाला 60,000. तीन गटांचे हप्ते मे महिन्यापासून तुंबले. मी त्या गटांची रजिस्टरं मागवली, कोणत्या बाईकडं किती बाकी आहे ते काढलं. 9 नावं निघाली. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये उभी राहिली आणि सगळ्यांसमोर वाचली, नाव आणि रक्कम. म्हटलं, पुढच्या महिन्यापर्यंत भरा, नाहीतर तुमच्या गटाला पुढचं कर्ज नाही. त्या 9 पैकी चौघी समोर सतरंजीवरच बसल्या होत्या.

मला राग आला होता, कारण त्याच आठवड्यात लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे 3,000 सगळ्यांच्या खात्यात पडले होते. बँकेत रांग लागली होती, मी स्वतः रांगेत होती. म्हणजे पैसा हाती आहे आणि तरी गटाचे 400-500 रुपये भरत नाहीत, असं माझ्या डोक्यात बसलं.

काही पैसे आले, खोटं कशाला बोलू. 9 पैकी तिघींनी दुसऱ्याच दिवशी भरले. पण एकीचा नवरा रात्री घरी आला, ओट्याखाली उभा राहून बोलला, "माह्या बायकोचं नाव गावात वाचणारी तू कोण?" आणि सप्टेंबरच्या मीटिंगला 28 पैकी 7 बाया आल्या. पोळा नुकताच झाला, घरोघरी कामं असतील, अशी मी मनाची समजूत घातली. पण नाही, रस्त्यात भेटल्या की बाया नजर खाली घालतात.

मला कळत नाही ते हे. ज्यांची नावं वाचली त्या रुसल्या, समजू शकते. पण ज्यांचा एक रुपया बाकी नाही, ज्यांनी दीड वर्षात एक मीटिंग चुकवली नाही, त्या काहून येत नाहीत? आणि मीटिंगमध्ये मी विचारलं की सगळ्या एका सुरात "हो ताई" म्हणत होत्या, एकीनंही अडचण सांगितली नव्हती. ट्रेनिंगमध्ये आम्हाला रजिस्टर लिहायला शिकवलं, गटाची पंचसूत्री (नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब) शिकवली. माणसं कशी समजून घ्यायची ते कोणी शिकवलं नाही. घरचे म्हणतात सोडून दे पद. मला सोडायचं नाही. ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी कृपा करून सांगावं.

कापूसवाला भाऊ (वर्धा जिल्हा), 10 सप्टेंबर

ताई, तुम्ही चूक केली नाही. गटाचा पैसा सगळ्यांचा असतो. एकीनं बुडवला की दुसरी बुडवते. आमच्या गावात दोन गट याच्यानंच मोडले, अध्यक्ष बाई सगळ्यांना समजून घेत राहिली आणि शेवटी बँकेनं दार बंद केलं. दंड लावा, नियम कडक ठेवा, लोकं महिना-दोन महिने रुसतील, मग येतील. कर्ज लागलं की येतातच.

सोसायटीचा माजी सचिव (अमरावती जिल्हा), 11 सप्टेंबर

बाई, तुम्ही लेकीच्या वयाच्या असाल म्हणून मोकळेपणानं लिहितो. मी 31 वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. दर्यापूरकडचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं, सगळी शेती पावसावर. वसुली हेच माझं आयुष्य होतं असं समजा.

नोकरीच्या सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही यादी लावत होतो. सोसायटीच्या दारावर, फेब्रुवारी लागला की थकबाकीदारांची नावं. 31 मार्चच्या आत भरणा झाला पाहिजे, वरून दट्ट्या. थोडी वसुली व्हायची, तुमच्यासारखीच, पहिल्या आठवड्यात. पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. एक कास्तकार होता, त्याच्या वावराचा रस्ता सोसायटीसमोरून जायचा. यादी लागली की त्याची बंडी नाल्याकडून वळसा घालून जायची, जवळपास पाऊण कोस जास्त. बैल थकलेले, बंडीत तूर भरलेली, तरी वळसा. त्या तुरीचे पैसे आले की तो माझ्याकडं येणार होता, पण यादीनं त्याचा रस्ताच बदलला. तो तूर घेऊन गेला खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दारी, कारण तिथं त्याला "या पाटील, बसा" म्हणत होते.

शरमलेला माणूस आधी तोंड लपवतो, पैशाची गोष्ट नंतर. आणि तोंड लपवलं की तुमच्याकडं यायचा रस्ता बंद.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ज्यांची बाकी नव्हती त्या का येत नाहीत. बाई, त्या सतरंजीवर बसून त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या जागी बसून पाहा. त्यांनी पाहिलं की आपल्यातल्या चौघींचं तोंड उतरलं आणि बाकीच्या पाहत राहिल्या. प्रत्येकीच्या मनात एकच हिशेब झाला असेल: यंदा माझं भरलेलं आहे, पण पोराला ताप आला, सोयाबीन ओलं झालं, तर पुढच्या वर्षी तिथं माझं नाव असेल. जिथं आपली अब्रू जाऊ शकते तिथं माणूस आपणहून जाऊन बसत नाही. त्या रुसल्या नाहीत, त्या भ्यायल्या आहेत. रुसलेल्याला मनवता येतं. भ्यालेल्याला वेळ द्यावा लागतो.

त्या 3,000 रुपयांबद्दल सांगतो. नातवानं मला एकदा समजावलं होतं, रिचर्ड थेलर नावाचे अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ आहेत, 2017 चं नोबेल मिळालं. माणूस सगळा पैसा एकाच हिशेबात धरत नाही, मनात त्याचे वेगवेगळे डबे करतो आणि एका डब्यातला पैसा दुसऱ्या डब्याच्या कामाला सहज काढत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मी म्हटलं, हे तर माझ्या आईचं आहे. तिचे पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात वेगळे, ज्वारीच्या कोठीत वेगळे. डाळीच्या डब्यातले माहेरच्या लग्नाकार्याचे. घरात चहापत्ती नसली तरी त्याला हात लागायचा नाही. तुम्ही ज्या पैशाकडं पाहून चिडल्या तो कदाचित बऱ्याच बायांच्या आयुष्यातला पहिला असा पैसा असेल जो नवऱ्याच्या खात्यात गेला नाही. त्याला त्यांनी मनात काय नाव दिलं होतं, कोणाचं दप्तर, कोणाची राखी, ते विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

मी पुढं पद्धत बदलली. यादी बंद. दिवाळीनंतर तूर फुलावर असताना वावरात जायचं, रजिस्टर घरी ठेवून. धुऱ्यावर बसायचं. पहिला अर्धा तास पीक, पाऊस, बैल, पोरं. मग एवढंच विचारायचं, "यंदा तुमच्या हाती पैसा कोण्या महिन्यात येते?" कर्जाचा शब्द मी काढत नव्हतो, समोरचाच काढायचा. दोन वर्षांत मला कळलं की ज्यांना मी बुडवे समजत होतो त्यातले बहुतेक अडलेले होते. खरे बुडवे गावात चार-पाच निघाले, त्यांच्याशी कडक वागावंच लागलं, कापूसवाल्या भाऊंचं तेवढं म्हणणं बरोबर आहे. पण चार जणांसाठीचं औषध मी अख्ख्या गावाला पाजत होतो.

गाडगेबाबा आमच्या भागातले, शेंडगावचे. माझ्या वडिलांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. ते सांगायचे, बाबा गावात आले की आधी झाडू घेऊन गाव झाडायचे, कोणाला काही न सांगता. लोक पाहत, मग लाजून हातभार लावत. रात्री कीर्तनातही बाबा उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचे, उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. ज्या माणसाचं उत्तर स्वतःच्या तोंडून आलं तो ते मोडत नाही. तुमच्या मीटिंगमध्ये तुम्ही विचारत होत्या आणि "हो ताई" येत होतं, म्हणजे तुमच्या प्रश्नातच उत्तर होतं. "पुढच्या महिन्यात भराल न?" याला बाई दुसरं काय म्हणणार?

त्या 9 घरी जा. एकट्या जा. रजिस्टर नेऊ नका.

आरोग्यसेविका (चंद्रपूर जिल्हा), 11 सप्टेंबर

काकाजींनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त "हो ताई" बद्दल लिहिते.

आमच्या उपकेंद्रात आशाताईंची बैठक असते. मी आधी विचारायची, कोणाचं काम राहिलं? सगळ्या गप्प. सगळं झालं म्हणायच्या आणि नंतर गावात गेलं की कळायचं, नऊ महिन्यांच्या बाळाची गोवर-रुबेलाची लस राहून गेलेली. मला वाटायचं बाया खोटं बोलतात. मग एका प्रशिक्षणात अमेरिकेतल्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या संशोधनाबद्दल ऐकलं. त्यांनी दवाखान्यांतल्या टीम तपासल्या, औषध देण्यातल्या चुकांच्या. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या जास्त! नंतर समजलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या, कारण तिथं बोलायची भीती नव्हती.

त्यानंतर मी बैठकीची सुरुवात बदलली. पहिलं मीच सांगते, या महिन्यात माझ्याकडून अमुक घर राहिलं, आणि ते कसं राहिलं. पहिले दोन महिने काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात सगळ्यात लहान वयाची आशाताई बोलली, मॅडम, माझ्याकडून एक राहिलं, ते कुटुंब वीटभट्टीवर गेलं होतं. मी तिला काही बोलली नाही, फक्त विचारलं परत केव्हा येतील. तेव्हापासून बाकीच्या बोलतात. ताई, तुमच्या मीटिंगमध्ये "या महिन्यात जमत नाही" हे वाक्य हप्त्याच्या आधी बोलायची सोय पाहिजे. हप्त्याच्या दिवशी ते कळून काय उपयोग?

वावरातली बाई, 13 सप्टेंबर

काकाजी, तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. बंडीच्या वळशाचं वाचून मला रडू आलं, कारण एक ताई आजकाल हातपंपाच्या रस्त्यानं येत नाही, मागच्या गल्लीनं जाते. मला वाटलं होतं तिला माझं तोंड पाहायचं नाही.

मी जाईन घरोघरी. सगळ्यांसमोर माफीही मागावी असं मनात येतं. पण आमच्या सचिव ताईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, माफी मागितली तर पुढं कोणी ऐकणार नाही, अध्यक्षाचा वचक राहणार नाही. आणि ज्यांनी भरले त्या म्हणतील आम्हीच वेड्या का. काय करावं?

धानोऱ्याचा (गडचिरोली जिल्हा), 14 सप्टेंबर

माफी मागा. नावं सगळ्यांसमोर वाचली, तर माफीही तिथंच, त्याच सतरंजीवर. पण माफी मागताना ती नावं पुन्हा घेऊ नका.

वचकाबद्दल लिहितो. आमच्या तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे, गोंड आदिवासींचं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावची. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क मिळाला, सुमारे 1,800 हेक्टर जंगल. तिथं ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय थांबतो, पुढच्या बैठकीत परत चर्चा. वेळ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते हे कसं चालणार. पण एकदा ठरलं की ते गावाचं ठरलेलं असते, ते पाळून घ्यायला एका माणसाचा वचक लागत नाही.

तुमच्या ग्रामसंघात थकबाकीचा नियम कोणी केला? वरून छापील आला असेल आणि तुम्ही वाचून दाखवला असेल. बायांना स्वतः करू द्या. त्या तुमच्यापेक्षा सोपा नियम करतील असं समजू नका, कधीकधी कडकच करतात.

वावरातली बाई, 28 नोव्हेंबर 2024

उशीर झाला, सोयाबीनची धांदल होती. सगळ्यांनी वेळ काढून लिहिलं म्हणून जे झालं ते सांगणं माझं काम आहे.

9 घरी जायला मला पाच आठवडे लागले. दिवसा बाया निंदणाला, नाहीतर सोंगायला जातात. सांजच्या वेळी स्वयंपाक, घरी माणसं. म्हणून काही घरी मी वावरातच गेली, त्यांच्याबरोबर अर्धा दिवस सोयाबीन सोंगलं. काकाजी, तुमचा अर्धा तास मला पुरला नाही. एका वावरात तर दुपारची भाकर खाऊन झाल्यावर बाई बोलायला लागली.

सगळ्यात जड गोष्ट आधी. 9 पैकी एका ताईची बाकीच नव्हती. तिनं जूनमध्ये 450 रुपये गटात दिले होते, त्या दिवशी रजिस्टर लिहिणारी बाई आजारी होती, पैसे दुसरीनं घेतले आणि नोंद राहिली. मी तिचं नाव सगळ्यांसमोर वाचलं होतं आणि ती एक शब्द बोलली नव्हती. मी विचारलं, काहून नाही सांगितलं तेव्हाच? ती म्हणाली, "तू रजिस्टर पाहून बोलून राहिली होती. माह्यं कोण खरं मानलं असतं?" ही तीच ताई, मागच्या गल्लीनं जाणारी.

चौघींकडं खाजगी फायनान्सचं कर्ज निघालं. एकीच्या घरी मी होती तेव्हाच वसुलीवाला आला. मोटरसायकल लावली, ओट्यावर बसला, म्हणाला हप्ता घेतल्याशिवाय उठणार नाही, तुमच्या कर्जाच्या ग्रुपमधल्या बाकीच्या बायांना बोलवा. शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. त्या ताईनं मुलीच्या गुल्लकमधून पैसे काढून दिले. तो गेल्यावर ती माझ्याकडं पाहूनही बोलेना. मला तिथं बसवेना, कारण ऑगस्टमध्ये मी हेच केलं होतं, फक्त समाजमंदिरात. गटाचा हप्ता त्यांनी मागं ठेवला तो गट आपला आहे म्हणून. आपल्या माणसाला थांबवता येतं, त्या वसुलीच्या पोराला नाही.

लाडकी बहीणच्या पैशाचं मी कोणालाच विचारलं नाही. दोघींनी आपणहून सांगितलं. एकीनं त्यातून चष्मा केला, तीन वर्षांपासून सुईत दोरा ओवता येत नव्हता.

बाकीच्यांच्या अडचणी घरोघरी असतात तशाच, आजारपण, नवऱ्याची दारू. एक ताई मात्र खरंच देऊ शकते आणि देत नाही, हेही मला दिसलं. तिच्याशी मी वेगळं आणि स्पष्ट बोलली.

ऑक्टोबरच्या मीटिंगला 12 बाया होत्या. मी उभी राहून नाही, खाली बसून बोलली. सांगितलं की ऑगस्टमध्ये मी नावं वाचली ते चुकीचं होतं, आणि त्यात एक नोंद आमच्याच रजिस्टरची चुकीची होती, त्याची जबाबदारी माझी. कोणाचं नाव घेतलं नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सचिव ताईच, जी माफीच्या विरोधात होती, ती म्हणाली, "ती नोंद माह्या गटात राहिली. मले माहीत होतं, मी भीतीनं बोलली नाही." चंद्रपूरच्या ताईंनी लिहिलेलं मला तेव्हा आठवलं.

नोव्हेंबरच्या मीटिंगला 21 बाया आल्या. मी प्रश्न बदलून विचारला: तुमच्या घरी पैसा कोण्या महिन्यात येतो? खडूनं भिंतीवर बारा महिने लिहिले. बोलायला लागल्या तर थांबेनात. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीत, तोही यंदा हमीभाव क्विंटलला 4,892 असून व्यापाऱ्यानं ओल सांगून कितीतरी कमी दिला. कापसाचा पैसा मार्गशीर्षापासून. तुरीचा संक्रांतीनंतर. जून ते सप्टेंबर हे चार महिने जवळपास सगळ्यांच्याच नावापुढं रिकामे. आम्ही बाराही महिने सारखा हप्ता ठेवला होता आणि मे पासून तुंबला म्हणून मी चिडली होती.

आता बायांनी असं ठरवलं: पावसाळ्याच्या चार महिन्यांत फक्त व्याज आणि 100 रुपये, दिवाळी ते होळी मोठा हप्ता. ज्या बाईला जमत नसेल तिनं मीटिंगच्या आठ दिवस आधी आपल्या गटाच्या अध्यक्षाला सांगायचं, मग दंड नाही. न सांगता चुकवला तर 20 रुपये. मी 10 म्हटलं होतं, त्यांनीच 20 केला. कापूसवाल्या भाऊंना हे आवडेल. ज्यांनी ऑगस्टमध्ये लगेच भरले त्या तिघींनी विचारलंच, आमचं काय? त्यांना पुढच्या कर्जात पहिला नंबर द्यायचं ठरलं, तेही त्यांच्याच तोंडून आलं.

थकबाकी पूर्ण फिटली नाही. 9 पैकी पाच जणींचं झालं, एक सुटलीच, तिघींचं बाकी आहे. तुरीनंतर पाहू.

आणि ती 450 रुपयेवाली ताई अजून आलेली नाही. नोंद दुरुस्त करून मी रजिस्टर तिला दाखवायला तिच्या घरी नेलं. तिनं पाहिलं, चहा केला, म्हणाली, "तुह्यावर राग नाही वो. पण आता तिथं बसू नाही वाटत." मी जास्त बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिच्याकडं कापूस वेचायला माणसं कमी आहेत असं कळलं आहे. मी जाणार आहे.